चाकणचा खरेदीदार, बाबांचा कारखाना आणि दादाची सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. भोसरी एमआयडीसीत वडिलांनी 1988 साली सुरू केलेला मशिनिंगचा कारखाना त्या आज सांभाळतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, 34 कामगार, दोन मोठे ग्राहक. एका ग्राहकाने नव्या पार्टचं मोठं शेड्यूल (दरमहा किती माल घेणार ते) तोंडी कबूल केलं म्हणून कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, घेतली. शेड्यूल कबुलीच्या निम्म्यावरही आलं नाही आणि त्यातलं एक मशीन जवळपास बंदच आहे. आज टर्म लोन 3 कोटी 40 लाख बाकी आहे (अजून पाच वर्षं, साडेदहा टक्के व्याज) आणि सीसी (रोजच्या खर्चासाठीचं कॅश क्रेडिट खातं) 1 कोटी 80 लाखांवर आहे. मटेरियल, पगार, वीज जाऊन महिन्याला सहा लाखांच्या आसपास उरतात, पण बँकेला नऊ लाख लागतात. पहिला हप्ता थकून 50 दिवस झाले. एका ग्राहकाकडे 60 लाख अडकले आहेत.

चाकणची एक कंपनी “मर्जर करू” म्हणत चालू मशीन आणि दोन्ही ग्राहकांच्या बदल्यात 2 कोटी 75 लाख द्यायला तयार आहे, पण उत्तर महिनाअखेर हवंय. एक सल्लागार म्हणतात, नवऱ्याच्या नावाने नवी कंपनी काढा, ऑर्डर आणि मशीन तिकडे वळवा आणि ही बुडू द्या. बाबा म्हणतात, कारखाना विकण्यापेक्षा राहतं घर विकू. बंगळूरच्या दादाला यातलं काहीच माहीत नाही, पण जामीनपत्रावर तिघांच्याही सह्या आहेत. “कारखाना विकला तर बाबांचं नाव जातं, नाही विकला तर घर जातं. काय करू?”

---

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बाबा आहेत, दादा आहे, चाकणवाले आहेत, सल्लागार आहेत. बँक मात्र फक्त आकड्यांत आहे. गेल्या 50 दिवसांत तुम्ही ब्रँचमध्ये जाऊन काही बोललात असं पत्रात कुठेही दिसत नाही. म्हणून “विकू की नको” हा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि आधी तारखांचं बोलतो.

अडचणीत येऊ लागलेल्या खात्यांना बँक पायऱ्या लावते: थकबाकी 30 दिवसांपर्यंत असेल तर खात्याला एसएमए-0 म्हणते, 31 ते 60 दिवसांत एसएमए-1, 61 ते 90 दिवसांत एसएमए-2. नव्वदी ओलांडली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. तुम्ही एसएमए-1 मध्ये आहात आणि दहा दिवस उलटले की एसएमए-2 मध्ये जाल. शिवाय तुमचं एकूण कर्ज 5 कोटींच्या वर असल्याने खात्याची ही अवस्था रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कर्जांच्या नोंदवहीत जाते आणि ती इतर बँकांनाही दिसते. “अजून कुणाला कळलेलं नाही” असं तुम्ही लिहिलंय. ज्यांना कळू नये असं तुम्हाला वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते कळलेलं असेल.

बहुतेक कारखानदारांना वाटतं की बँकेला अडचण सांगितली तर ती लगेच गळा धरेल. मला याच्या उलट दिसतं. एनपीए होण्याआधी बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात, नंतर तेच खातं वसुली विभागाकडे जातं आणि तिथल्या माणसाला तुमच्या पार्टशी काही देणंघेणं नसतं. 25 कोटींपर्यंतची कर्जं असलेल्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी (एमएसएमई) रिझर्व्ह बँकेची 2016 सालापासूनची एक चौकट आहे. तिच्यानुसार खातं एनपीए होण्याआधीच अडचण ओळखायची, ते बँकेच्या समितीपुढे ठेवायचं आणि तीनपैकी एक रस्ता ठरवायचा: थकबाकी भरून गाडी रुळावर आणणं, कर्जाची पुनर्रचना किंवा वसुली. धंदा अडचणीत जाणार असं दिसत असेल तर कर्जदार स्वतःहूनही अर्ज करू शकतो. ही चौकट बँकांना बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं, पण त्याच निकालात उद्योजकालाही बजावलं: आपण एमएसएमई आहोत याची कागदपत्रं वेळेत बँकेपुढे ठेवणं तुमचं काम आहे, मालमत्तेवर जप्ती आल्यावर ते आठवून उपयोग नाही. तेव्हा उद्यम प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ताळेबंद, पुढच्या बारा महिन्यांचा रोख पैशाचा अंदाज आणि अडकलेल्या 60 लाखांची बिलं घेऊन याच आठवड्यात ब्रँचमध्ये जा. बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करा.

पण त्याआधी एक फोन. दादाला.

त्याला अजून न सांगण्यामागची तुमची काळजी मला समजते. “तो म्हणेल, मी आधीच सांगत होतो” असं तुम्ही लिहिलंय. म्हणू दे. त्याने जामिनावर सही केली आहे आणि कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीचा माग घ्यावा, मशीन विकावीत आणि मगच जामीनदाराकडे यावं असं कुठेही नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून घरं सुरक्षित आहेत हा समज मी भोसरीत आणि चिंचवडात कितीतरी घरांत ऐकला आहे. वैयक्तिक जामीन दिला त्या दिवशीच तो “लिमिटेड” शब्द तुमच्यापुरता संपला. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीची योजना मंजूर होऊन कंपनी कर्जमुक्त झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दादाला हे उद्या त्याच्या होम लोनच्या अर्जावेळी समजण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून समजलेलं बरं. शिवाय पुढच्या करारात जामीनदार म्हणून त्याची सही बहुधा लागेलच, त्यामुळे हा फोन टाळता येण्यासारखा नाहीच.

आता सल्लागारांबद्दल, आणि इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. नवऱ्याच्या नावाने कंपनी काढून ऑर्डर आणि मशीन तिकडे वळवायची ही युक्ती एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर फार हुशारीची म्हणून सांगितली जाते. मशीन बँकेकडे तारण आहेत. ती परवानगीशिवाय हलवणं म्हणजे तारण पळवणं. 25 लाखांवरच्या कर्जात पैसा किंवा मालमत्ता वळवली असं बँकेला दिसलं तर ती जाणीवपूर्वक कर्ज बुडवणारे ठरवण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. तो शिक्का बसला की नवं कर्ज बंद होतंच, शिवाय आपलीच कंपनी दिवाळखोरीतून परत घेण्याची जी सवलत छोट्या उद्योगांच्या प्रवर्तकांना आहे तीही जाते. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली तर नात्यातल्या लोकांशी झालेले मागच्या दोन वर्षांचे व्यवहार उकरून रद्द करता येतात. आणि हे सगळं तुमच्या नवऱ्याच्या नावावर! आज तुमच्या घरात कर्जाच्या कागदावर सही नसलेला तोच एक माणूस आहे.

बाबांच्या घर विकण्याबद्दल मी एवढंच विचारेन: घराचे पैसे कशात जाणार? तुमच्या आकड्यांत महिन्याला तीन लाखांचा खड्डा आहे. तो खड्डा का पडला हे न बदलता घर विकलं, तर काही महिने खड्डा भरलेला दिसेल आणि मग ना घर, ना कारखाना. पण एक चांगली गोष्ट तुमच्या पत्रात आहे आणि ती तुम्ही ओझरती लिहून सोडून दिलीत. व्याज आणि हप्ता बाजूला ठेवला तर तुमचा कारखाना महिन्याला सहा लाख कमावतो. म्हणजे धंदा आजारी नाही, धंद्यावरचं कर्ज त्याच्या मापाचं नाही. हे सहा लाख उणे असते तर मी तुम्हाला पुनर्रचनेचा विचारही करू नका म्हटलं असतं.

थोडं गणित करू. आजचा हप्ता साधारण 7 लाख 30 हजार आणि सीसीचं व्याज 1 लाख 60 हजारांच्या आसपास. टर्म लोन त्याच व्याजाने पाचऐवजी आठ वर्षांवर नेलं तर हप्ता सव्वापाच लाखांवर येतो. सीसीचं व्याज धरून 6 लाख 85 हजार. अजून पुरत नाही. बंद पडलेली व्हीएमसी बँकेच्या संमतीने विकून, समजा 45 लाख, टर्म लोनमध्येच भरले तर हप्ता साडेचार लाखांवर आणि एकूण बोजा सव्वासहा लाखांच्या आत येतो. आता जवळपास जुळतं. पण “जवळपास” या शब्दावर 34 जणांचे पगार टांगायचे नसतात. एखादा महिना शेड्यूल घसरलं, एखादं स्पिंडल गेलं, की पुन्हा तिथेच. शिवाय पुनर्रचना फुकट नाही: बँकेच्या पुस्तकात खातं खालच्या वर्गात जातं, क्रेडिट अहवालावर त्याचा डाग काही काळ राहतो आणि नवं कर्ज महाग किंवा अशक्य होतं.

माझं मत असं की पुनर्रचना मागा, पण कारखाना विकणं टाळायला नव्हे, नीट विकायला किंवा नीट भागीदार शोधायला वेळ मिळावा म्हणून. आज तुम्ही एनपीए व्हायला 40 दिवस उरलेल्या टोकावर उभं राहून चाकणवाल्यांशी बोलताय आणि त्यांना ते माहीत आहे. म्हणूनच त्यांनी महिनाअखेर दिली.

त्यांचा प्रस्ताव तुम्ही पत्रात जसा लिहिलाय त्यात मर्जर कुठेच नाही. विलीनीकरणात दोन कंपन्या कायद्याने एक होतात, तुमच्या कंपनीची देणीही त्यांच्याकडे जातात आणि तुमच्या भागधारकांना बहुतेक वेळा त्यांचे शेअर मिळतात. छोट्या कंपन्यांसाठी त्याची सोपी वाटही कंपनी कायद्यात आहे. चाकणवाल्यांना हवी आहेत चालू मशीन आणि दोन ग्राहक, बस. 5 कोटी 20 लाखांतून 2 कोटी 75 लाख वजा करा. 2 कोटी 45 लाख उरतात, आणि ते फेडायला तुमच्याकडे ना मशीन, ना ऑर्डर. 34 कामगारांची ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई तुमच्याच माथी. सुटी मशीन विकली म्हणून जीएसटीही लागणार. याऐवजी संपूर्ण कारखाना चालता धंदा म्हणून एकगठ्ठा विकला तर त्या हस्तांतरावर जीएसटी नाही. कामगारांची सेवा अखंड धरून, आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर नव्या मालकाने त्यांना घेतलं तर नुकसानभरपाईचा बोजाही टळतो. तिसरा प्रकार शेअर विकण्याचा. त्यात कंपनी जशीच्या तशी, जुन्या देण्यांसकट नव्या मालकाकडे जाते. म्हणून खरेदीदार घाबरतो, भाव पाडतो आणि तुमच्याकडून सतरा हमीपत्रं लिहून घेतो. तुमच्यासाठी मधला प्रकार बरा असं मला वाटतं, पण कराची बाजू सीएकडून आकड्यांत मांडून घ्या.

आणि भूखंड! भोसरीतल्या 1988 सालच्या भूखंडाचा तुमच्या पत्रात एका ओळीत उल्लेख आहे, तोही “शेड जुनी आहे” म्हणून. शेड जुनी असेल, जागा जुनी होत नाही. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, विकताना एमआयडीसीची परवानगी घ्यावी लागते आणि हस्तांतर शुल्क भरावं लागतं. तो बँकेकडे गहाण असेल तर बँकेचीही संमती लागते. तरीही तुमच्या ताळेबंदात सगळ्यात दमदार गोष्ट बहुधा तीच आहे, आणि ताळेबंदात ती 1988 च्या किमतीला पडून असेल. बँकेच्या पॅनलवरच्या मूल्यांककाकडून तिचं मूल्यांकन करून घेतल्याशिवाय चाकणवाल्यांना कुठलाही आकडा बोलू नका. भूखंड विकून कर्ज फेडायचं आणि भाड्याच्या गाळ्यात काम चालू ठेवायचं हा चौथा पर्याय तुमच्या घरात कुणी काढलाच नाही. त्यात बाबांचं नाव राहतं, धंदा राहतो, घर राहतं, फक्त पत्ता बदलतो. अडचणी आहेतच: जागा बदलली की ग्राहक नव्याने ऑडिट करेल, पार्टची मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, म्हणजे काही महिने आधी सुट्या मालाचा साठा करून ठेवावा लागेल. आणि गाळा घेताना स्वस्ताईला भुलू नका. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो अनधिकृत शेड पाडली. जागेचा बांधकाम परवाना पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका.

खरेदीदार कोणीही ठरला तरी दोन गोष्टी लेखी हव्यात. पहिली, बँकेचं पत्र: ठरलेली रक्कम मिळाल्यावर तिन्ही जामीनदार मुक्त, तारण मोकळं, घराची कागदपत्रं परत, आणि कंपनी निबंधकाकडे बोजा उतरल्याची नोंद. “मॅनेजरसाहेब हो म्हणाले” हे चालणार नाही, मॅनेजरसाहेबांची बदली होते. दुसरी, पैसे कुठून येणार याचा पुरावा. ऑटो पार्टच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. 2017 साली रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी ज्या 12 मोठ्या खात्यांची यादी केली त्यात ॲमटेक ऑटो होती. लिबर्टी हाउसची योजना 2018 मध्ये मंजूर झाली, पण पैसे आलेच नाहीत आणि सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागली. तिथे बँकांची आणि वकिलांची फौज होती. तुमच्याकडे एक सीए आहेत. चाकणवाल्यांनी टोकन देऊ केलं तर ते कंपनीच्या कर्ज खात्यातच, बँकेला कळवून, आणि व्यवहार फिसकटला तर काय हे लिहूनच घ्या.

दरम्यान रोख पैसा सांभाळा. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ आणि गोळा केलेला जीएसटी कितीही तंगी असली तरी वापरू नका, तो तुमचा पैसा नाही आणि त्यासाठी संचालकांवर फौजदारी होऊ शकते. अडकलेल्या 60 लाखांसाठी: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार. ग्राहक दुखावेल म्हणून तुम्ही तक्रार करत नाही हे मला कळतं. मग आधी सौम्य वाट धरा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (बिलांवर बँकेकडून आगाऊ पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) नोंदणी बंधनकारक आहे. तुमचा ग्राहक त्यात बसत असेल तर त्याने बिल तिथे मान्य करावं, तुम्हाला पैसे बँकेकडून लगेच मिळतात आणि त्याची मुदतही टिकते. खरेदी विभागाला हे सांगायला काही संकोच नको.

बाबांशी काय बोलायचं? त्यांना “कारखाना विकायचा का” असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील. त्यांच्यापुढे दोन कागद ठेवा. एकावर घर विकलं तर पुढच्या 24 महिन्यांचा हिशेब, दुसऱ्यावर भूखंड विकला तर. 1988 पासून हिशेब ज्यांनी स्वतः लिहिला ते माणूस कागद वाचतील. कामगारांनाही तुम्ही अजून काही सांगितलं नाही. त्यांना सगळं सांगायची घाई नको, पण फोरमनला विश्वासात घ्या. सेटिंग जाणणारी तुमची चार माणसं दुसरीकडे गेली तर चाकणवाल्यांच्या 2 कोटी 75 लाखांतून पहिली कपात त्याचीच होईल.

बँकेने पुनर्रचना नाकारली तर कंपनी म्हणून तुम्हाला अजून एक दार आहे. एमएसएमई कंपन्यांसाठी 2021 पासून प्री-पॅक दिवाळखोरी आहे: किमान 10 लाखांची थकबाकी, योजना आधीच बँकेशी बोलून ठरवलेली, एकूण 120 दिवस, आणि त्या काळात कारभार प्रवर्तकांच्याच हातात. नातेवाईक सोडून इतर वित्तीय कर्जदात्यांची, कर्जाच्या रकमेनुसार ठराविक प्रमाणात, संमती लागते, म्हणजे तुमच्या बाबतीत ती एकच बँक. अर्ज मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात करावा लागतो, खर्च येतो, आणि आतापर्यंत फार थोड्या कंपन्यांनी हा रस्ता धरला आहे. मी तो तुमच्यासाठी शेवटून दुसऱ्या जागी ठेवेन.

अशीच पत्रं प्रोप्रायटर आणि भागीदारी संस्थांकडूनही येतात, त्यांच्यासाठी: प्री-पॅकचं दार तुम्हाला नाही, पण एमएसएमईची 2016 ची चौकट तुम्हालाही लागू आहे. खातं एनपीए होऊन सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा बँकेचा कायदा) बँकेची मागणी नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. तिच्यातल्या 60 दिवसांत लेखी आक्षेप द्या, बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झालीच तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. ते पुण्यातच आहे.